काळूरामबुवांच्या घरातलं जनावर

श्रावणात नवशाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पेठेतल्या एका दुकानामागं गोणपाटाखाली घोणस निजली होती. आयुष्यात शेकड्यानं साप धरलेला माणूस, पण त्या दिवशी नजर चुकली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी जीव वाचवला. बोटं मात्र काळी पडली होती, ती काढावी लागली. भाद्रपद लागला तरी नवशा पडवीच्या खांबाला टेकून बसलेला असायचा. हात फडक्यात गुंडाळून मांडीवर घ्यायचा, कुणाचं पोर सांभाळायला घेतल्यासारखा.

वाडी माहुलीच्या डोंगराच्या पायथ्याला. तिथून शहापूरची जुनी पेठ तासाभराच्या चालीवर. पेठेतली घरं कौलारू, एकमेकांना खांदे लावून उभी. मागं परसू, परसवामागं नाला, आणि नाल्यापलीकडं सागाचं रान थेट डोंगरापर्यंत. रानातलं जे काही वाट चुकायचं ते नाल्यानं येऊन पेठेच्या घरात शिरायचं. कुठं चुलीमागं नाग, कुठं माळ्यावर उदमांजर व्यालेलं, कुठं देव्हाऱ्याच्या मागं गांधीलमाश्यांचं पोळं. मग कुणीतरी वाडीला निरोप धाडायचा. नवशा यायचा, आत शिरलेल्याला न मारता बाहेर काढायचा, नाल्यापलीकडं सोडायचा. घरची माणसं तांदूळ द्यायची, जुनं धोतर द्यायची, वर पैसेही द्यायची. या कामावर तीन माणसांचं घर चालत होतं. पोरगी रविना आश्रमशाळेत सातवीत होती.

मधे एका वर्षी पावसानं दगा दिला आणि तिघं भिवंडीकडं वीटभट्टीवर गेली. रविनाचं ते वर्ष गेलं. पोरगी चिखल तुडवून तुडवून इतकी थकायची की जेवता जेवता झोपायची. घास तोंडात तसाच. नवशाच्या बायकोनं, रंगूनं, तेव्हाच मनाशी धरलं होतं, पुन्हा भट्टी नाय.

"मी जाते," भाद्रपदात पहिला निरोप आला तेव्हा रंगू म्हणाली.

"कुठं?"

"पेठेत. थैली माझ्याच हातात असायची ना? बारा वर्षं धरलीय थैली. तुमी साप धरायचे, पण तो कुठं हाय ते कोण सांगायचं?"

ते खरं होतं. घरात पाऊल टाकलं की रंगू आधी उभी राहायची, श्वास घ्यायची, आणि मग हनुवटीनं कोपरा दाखवायची.

"डावा हात आधी नको घालू," शेवटी तो म्हणाला. "आणि घाई नको. माझी घाई झाली व्हती."

तारेचा आकडा बसवलेली बांबूची काठी आणि मांजरपाटाची नाडीवाली थैली घेऊन रंगू निघाली.

निरोप धोंडीबाईचा होता. तिच्या पिठाच्या गिरणीत, जोत्याच्या कडेला, दोन दिवस काहीतरी सळसळत होतं. दारात रंगूला एकटीला बघून धोंडीबाईनं कमरेवर हात ठेवले.

"गडी कुठाय?"

"घरी. हाताला बरं नाय अजून."

"मग तू काय करणार? चुलीतली लाकडं काढायची नाहीत, साप आहे तो."

"बघते."

"बघते म्हणे! अगं, मला चावला तर तुझा नवरा येणारे का माझं पीठ दळायला?"

गिरणीवर डबे घेऊन आलेली चार माणसं हसली. रंगू आत गेली. पट्ट्याखाली, पिठाच्या धुरळ्यात, ती बसूनच राहिली. पीठ डोळ्यांत जात होतं, नाकात जात होतं. शिंक आली तर काम गेलं. जीभ टाळूला दाबून तिनं ती परतवली. मग जोत्याच्या भेगेतून धामणीचं डोकं निघालं. रंगूनं तिला अर्धी बाहेर येऊ दिली, आकडा अंगाखाली सारला, शेपूट मुठीत घेतली. सहा हात धामण दंडाला वेढे घालू लागली. ते वेढे आवळायचे तेव्हा तिला आतली ताकद लागायची, ओल्या दोराला पीळ घालताना हाताला लागते तशी. पिठानं पांढरी झालेली बाई आणि पिठानं पांढरी झालेली धामण, दोघी एकदम दारात आल्या.

डबेवाली माणसं रस्त्यापर्यंत पळाली. धोंडीबाई डब्यामागं उभी राहून म्हणाली, "बाई गं! धर धर, नीट धर. आणि जाताना मागच्या दारानं जा. पुढं गिऱ्हाईक आहे."

मागच्या दारानं जाऊन रंगूनं नाल्यापलीकडं थैली उघडली. धामण गवतात शिरली तसं गवत दुभंगत गेलं आणि मिटत गेलं. दर वेळी ते बघताना रंगूचे हात आपोआप जोडले जायचे. कुणाला जोडले, ते तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

पुढच्या पंधरवड्यात तीन कामं झाली. चौथं बिघडलं.

किराणा दुकानात नाग होता. रंगूनं त्याला पोत्यांमागून बाहेर काढला, तो फणा काढून उभाही राहिला. तेवढ्यात बघ्यांपैकी कुणीतरी पायरीवर खोकलं. नाग वळला, जोत्याच्या बिळात गेला. रंगू दुपारपर्यंत बिळापाशी बसली. नाग आला नाही. पेठेची एक रीत होती: धरलेला साप थैलीतून घरधन्याला दाखवायचा, मग काम झालं म्हणायचं. रिकामी थैली घेऊन रंगू दुकानाच्या पायऱ्या उतरली तेव्हा दुकानदार म्हणाला, "म्हणजे साप माझ्याकडंच ठेवून चाललीस?"

ही गोष्ट विठोबाच्या देवळात पोचली. तिथं पेठेतली माणसं एकादशीला जमायची. काळूराम गोजरांचा मुलगा आदेश कल्याणला नोकरीला होता. त्यानं सांगितलं, "आमच्या ऑफिसजवळ एक सर्पमित्र आहे. मोबाइल आहे त्याच्याकडं. चिमटा आहे, गमबूट आहेत. फोन केला की बाइकवर येतो. टाइम लागेल थोडा, पण खात्रीचं काम."

"आणि नवशाचं घर?" काळूरामबुवांनी विचारलं.

"बाबा, त्याच्याबद्दल वाईट वाटतंच. पण उद्या कुणाला डसलं तर?"

ठरलं ते असं, की आता पुढचं एक काम रंगूला द्यायचं. तेही चुकलं तर मग कल्याणचा माणूस.

हे वाडीला कळायला वेळ लागला नाही. त्याच संध्याकाळी नवशाचा धाकटा भाऊ सुनिल पडवीत येऊन बसला. भट्टीसाठी माणसं गोळा करायचं काम तो करायचा.

"दसऱ्याला ट्रक येतोय, वयनी. तुमची नावं सांगू का?"

"थांब जरा."

"थांबून काय? दादाला एका हातानं विटा उलटवता येतील. रविना आता मोठी झाली, तिची भर व्हईल."

रंगू तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "रविनाचं नाव तोंडातून काढू नको, भावजी."

"मी काढून काय, न काढून काय. पोटाला लागतंच," सुनिल म्हणाला. वाईट स्वभावाचा नव्हता तो. उठताना भावाच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

आश्विनातला पहिला शनिवार. ऊन चढायच्या आधीच वाडीच्या वाटेनं सकुबाई धावत आली. सकुबाई याच वाडीतली, रोज पहाटे पेठेत जाऊन काळूरामबुवांच्या घरी सारवण-लोटण करायची. पदर खांद्यावरून सुटलेला, हात कोपरापर्यंत शेणाचे.

"रंगू बाय! बुवांच्या घरात जनावर शिरलंय! मागच्या खोलीत!"

रंगू भाकरी थापत होती. तिनं हात धुतले. "कधी?"

"पहाटं. मी मागची खोली सारवून माजघरात आले आणि कौलं फुटल्याचा आवाज झाला. मागं बघते तं जनावर! मी दार ओढून कडी घातली. बुवांना सांगितलं, बुवा, जनावर हाय. तं बुवा म्हणतात, असू दे, असू दे, रंगूला बोलव. आणि चिपळ्या घेऊन माजघराच्या दाराला पाठ लावून बसले! काय माणसाची छाती गो!"

"मोठं हाय?"

"मोठं!" सकुबाईनं डोळे मिटून घेतले. "जास्त इचारू नको. मी सांगायची नाय."

रंगूनं काठी घेतली, थैली कमरेला खोचली.

सकुबाई बघतच राहिली. "येवढंच नेतंस?"

"आणि काय लागतं?"

"धन्य बाय तुझी," सकुबाई म्हणाली आणि मटकन पडवीत बसली. "मी नाय येत परत. मी आज नाय येत."

इथं एक गोष्ट अशी होती, की पेठेत सापाला जनावर म्हणतात. वाडीत सापाला लांबडं म्हणतात, किरडू म्हणतात. वाडीत जनावर म्हणजे एकच, ज्याचं नाव घ्यायचं नसतं तो. वाघ. मग तो पट्ट्यांचा असो की ठिपक्यांचा. लग्न होऊन रंगू आली त्या वर्षी पेठेतून निरोप आला होता, 'जनावर आहे, नवशाला पाठवा.' तेव्हा नवी नवरी रडत वाटेत आडवी झाली होती. नवशा हसत गेला आणि थैलीत दिवड घेऊन आला. "पेठेची बोली येगळी गो, येडे," तो म्हणाला होता. तेव्हापासून पेठेचं जनावर म्हणजे साप, हे रंगूच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

आणि सकुबाईनं पेठेत जाऊन शब्द उच्चारला तो वाडीचा. बुवांनी ऐकला तो पेठेचा. तोच शब्द सकुबाईनं परत वाडीत आणला, आणि रंगूला वाटलं, बुवांचाच निरोप आहे. शब्द एकच होता. एकट्या सकुबाईला ठाऊक होतं तो कुणाचा आहे, आणि तिला वाटत होतं सगळ्यांनाच ठाऊक आहे.

काळूरामबुवा कीर्तनकार नव्हते. गळा त्यांना नव्हता. पण पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असो, किन्हवलीला असो की थेट कसाऱ्याला, बुवा पहिल्या ओळीत. ऐकता ऐकता त्यांच्या डोळ्यांना धार लागायची. त्यामुळं लोकांनी त्यांना बुवा केलं होतं. त्या दिवशी ते माजघराच्या बंद दाराला पाठ टेकून, मांडी घालून बसले होते. उजव्या हातात चिपळ्या, तोंडात सावकाश 'रामकृष्ण हरी.' समोर ओटीवर आदेश, शेजारपाजारची दहा-बारा माणसं. धोंडीबाईही गिरणी बंद करून आली होती.

"आली का गं," बुवा म्हणाले. "आत आहे बघ. वानरांनी कौलं उसकटलीत आठवडाभर, तिथून पडलं असणार. मधे मधे फुसफुसतं. चांगलं दणकट आहे."

"नाग असंल?"

"असेल. मी काही उघडून बघितलं नाही. तोही घाबरलेला, म्हटलं नाम तरी ऐकू दे बिचाऱ्याला."

"नीट कर हो," धोंडीबाई म्हणाली. "आज रिकामी थैली दाखवायची नाही."

आदेशनं मोबाइल हातात धरला होता. तो हळू आवाजात म्हणाला, "रंगूबाई, नाही जमलं तर सरळ सांगा. माझा माणूस दोन तासांत येतो. कुणाला काही होऊ नये, एवढंच."

रंगूनं मान हलवली. बुवा बाजूला सरकले. ती आत गेली आणि दार मागं ओढून घेतलं. साप धरताना दार मिटूनच घ्यायचं असतं.

बाहेरच्या उजेडातून आल्यावर खोली काळोखी वाटली. मधोमध छपराला भोक पडलं होतं. तिथून उन्हाचा एक खांब खाली उतरला होता आणि त्यात धूळ फिरत होती. खाली फुटक्या कौलांचा ढीग. डाव्या हाताला भाताची मोठी कणगी. समोरच्या भिंतीला परसदार, आतून आडसर घातलेला, आणि त्या अर्ध्या खोलीवर फळ्यांचा माळा.

रंगू उभी राहिली. श्वास घेतला. ओल्या शेणाचा वास आला, जुन्या भाताचा आला. त्याखाली आणखी एक वास होता, उग्र, उबदार. माळ्यावर उदमांजर असेल, तिनं मनात म्हटलं. कौलातून पडलेलं लांबडं वाशा धरून बसतं. म्हणून तिनं खाली न बघता वर बघितलं.

माळ्याच्या कडेवरून तो लोंबत होता. हातभर लांब, मनगटाएवढा जाड, अंगावर काळी कडी. टोक जरा वर वळलेलं, डावीकडं हलत होतं, उजवीकडं हलत होतं. असा साप रंगूनं कधी बघितला नव्हता. तिनं काठी पुढं केली. आकडा त्याच्याखाली दोन बोटांवर नेला. आता उचलणार, तेवढ्यात उन्हाच्या खांबातला उजेड त्याच्यावर पडला.

त्याच्यावर केस होते.

काठी होती तिथंच थांबली. रंगूची नजर आपसूक खाली गेली. माळ्याखालची जमीन पहाटेच सारवलेली, अजून ओली. तिच्यात बशीएवढे ठसे उमटले होते. चार बोटं आणि मागं गादी. नखं नाहीत.

मग तिला सकुबाईचे मिटलेले डोळे आठवले.

तिनं फार हळू मान वर केली. दोन फळ्यांच्या मधून तो तिच्याकडं बघत होता. किती वेळचा बघत असणार. डोळे हिरवट सोनेरी, आणि त्यांत राग नव्हता, भीती नव्हती, रंगूला ओळखता येईल असं काहीच नव्हतं. पोट वर-खाली होत होतं. अंगावरचा प्रत्येक ठिपका त्या श्वासाबरोबर उघडत होता, मिटत होता. एवढा मोठा देह, आणि एक फळी करकरत नव्हती. लहानपणी आजी तिला वाघबारशीच्या दिवशी वाघदेवापुढं बसवायची. लाकडावर कोरलेला, शेंदरानं माखलेला. रंगूला वाटायचं, कोरणाऱ्यानं जरा जास्तच कोरलंय. आज तिला कळलं, त्या कोरणाऱ्याला काहीच जमलं नव्हतं.

बाहेर बुवांच्या चिपळ्या चालू होत्या. त्या तालावर वरचा एक कान फिरला. दाराकडं, परत रंगूकडं.

ओरडायचं? ओरडलं की दार उघडणार. दहा-बारा माणसं, काठ्या, आदेश, धोंडीबाई. मग तो उडी घेणार माणसांत. आणि मग तोही राहणार नाही. मागं सरून गुपचूप बाहेर जायचं? बाहेर जाऊन सांगायचं काय? सांगितलं की पेठभर होणार, आणि पेठ कौलांवर चढणार.

त्याला बाहेर जायचं होतं. दार माळ्याखाली होतं.

रंगू वाकली. काठी जमिनीवर ठेवली, आवाज न होईल अशी. काठी हातात असली की जनावराला ती दिसते. कमरेची थैली काढून काठीवर ठेवली. मग नजर खाली धरून चालू लागली. ओल्या शेणात टाच रुतायची, निघायची. सात पावलं. सहाव्या पावलाला ती शेपटीखाली आली. टोक तिच्या पदरावरून फिरलं, डोक्यावरून, कानामागून. वाऱ्यानं गवत लागावं इतकं हलकं. रंगूच्या मानेपासून टाचेपर्यंत काटा उभा राहिला आणि तसाच उभा राहिला.

आडसर पावसानं फुगला होता. तिनं जोर लावला आणि लाकूड कुरकुरलं.

वरून घुरघुर आली. कानांनी ऐकण्याआधी ती बरगड्यांना कळली. शेजारची कणगी, आतल्या भातासकट, थरारली.

रंगू थांबली. बाहेर बुवांनी ताल धरलेलाच होता. छिम, छिम, आणि मधे एक श्वासाची जागा. ती ऐकत राहिली. मग चिपळ्या वाजल्या की आडसर बोटभर ओढायचा, जागा आली की थांबायचं. छिम. बोटभर. छिम. बोटभर. कुरकुर तालात मिसळून गेली. घाम डोळ्यांत उतरला, तो तिनं पुसला नाही. बुवा मधेच थांबून कुणाशी तरी दोन शब्द बोलले तेव्हा ती हात तसाच धरून उभी राहिली, दंड थरथरायला लागेपर्यंत. आणि मग बुवांनी पुन्हा सुरू केलं.

आडसर निघाला. तिनं तो पायाशी टेकवला, दाराची फळी आपल्याकडं ओढत ओढत भिंतीशी नेली आणि फळी नि भिंत यांच्या मधे शिरली. खोलीत ऊन आलं, परसवातल्या ओल्या गवताचा वास आला.

काही झालं नाही. कुठं तरी साळुंक्या भांडत होत्या.

मग भात सरकल्याचा आवाज झाला. तो कणगीवर उतरला होता. त्यानंतर आवाज नाही. बिजागरीच्या फटीतून रंगूला बोटाच्या रुंदीएवढं दिसत होतं, आणि त्या फटीतून तो जाऊ लागला. सोनं. काळं. सोनं. खांद्याची हालचाल, कातड्याखाली पाणी वाहावं तशी. तो संपेचना. उंबऱ्यावर तो थांबला. फळीच्या एका बाजूला तो, एका बाजूला ती. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता आणि तिचा त्याला येत असणारच. डोंगराकडं बघून त्यानं नाक वर केलं. मग परसवातल्या केळींची पानं एकदा हलली.

नाल्यातलं पाणीही हललं नाही, असा तो गेला.

रंगूनं फळीला कपाळ टेकलं. किती वेळ ते तिला सांगता आलं नसतं. मग काठी उचलली, थैली उचलली, माजघराचं दार उघडून बाहेर आली.

"सापडलं?" बुवांनी विचारलं.

"गेलं, बुवा."

"कुठं गेलं?"

"परसदारानं. रानात."

ओटीवरून धोंडीबाईचा आवाज आला. "थैली बघू."

रंगूनं थैली पुढं केली. मांजरपाट सपाट होतं.

"झालं! परत पळवला! अगं, रानात गेला म्हणतेस, नाल्यातून माझ्या गिरणीत आला म्हणजे?"

"नाय येणार."

"केवढा होता? कुठल्या जातीचा?" आदेशनं विचारलं.

वाडीत नेम होता. त्यानं वाट दिली, तर तो डोंगराला लागेपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही. आणि नेम नसता तरी तिनं सांगितलं नसतं. समोर दहा-बारा माणसं होती आणि नाला हाकेवर होता. ती खाली बघत उभी राहिली. पाय शेणानं भरलेले. कुणीतरी हसलं. सुनिलचा ट्रक तिला दिसला, आणि ट्रकात बसलेली रविना.

"ठीक आहे," आदेश म्हणाला, आणि मोबाइलची बटणं दाबू लागला. त्याला आनंद झाला नव्हता. "मी बोलावतो त्याला."

"थांब रे," बुवा म्हणाले. "खोली तरी बघू दे मला. कौलं किती गेली बघू दे."

ते आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आदेशला फोन लागत नव्हता. "बाबा?" त्यानं हाक मारली.

बुवा दारात आले तेव्हा त्यांचा हात चौकटीवर होता. चेहरा धुतल्यासारखा. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, कीर्तनात चालायचं तसं, पण ओठांवर नाम नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताच्या चिमटीत दोन-तीन आखूड केस होते.

ते रंगूजवळ आले. तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ठसे बघितले मी. तुझ्या टाचेवर त्याचा पंजा पडलाय."

रंगूनं आपल्या पायांकडं बघितलं.

"बाई, तू त्याच्याखालून चाललीस?"

"दार तिकडं व्हतं ना, बुवा."

बुवांनी मान हलवली. पुन्हा हलवली. "जन्मभर कीर्तनात ऐकलं, तो दाराशी येतो म्हणून. ऐकून रडलो. आणि आला तेव्हा मी पाठ करून बसलो होतो. दोन तास. त्याच्या आणि माझ्या मधे एवढीशी फळी."

"तुमी वाजवत व्हते, त्या तालावर आडसर निघाला," रंगू म्हणाली. "मधे तुमी थांबलात तेव्हा मीपण थांबले." मग घाईनं, हात जोडून, "दुपारपर्यंत बोलू नका, बुवा. त्याला डोंगराला लागू दे."

बुवांनी केस कसेबसे बंडीच्या खिशात ठेवले. मग वळले. आदेशच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "ठेव तो फोन."

"पण बाबा, थैली रिकामी..."

"त्याच्या मापाची थैली शिवणारा शिंपी पेठेत नाही." बुवा सगळ्यांकडं वळले. "ऐका सगळे. यापुढं पेठेत कुणाच्याही घरात काही शिरलं, तर निरोप रंगूबाईला जाईल. कल्याणला नाही. ती थैली दाखवो न दाखवो. ती म्हणाली गेलं, म्हणजे गेलं. माझ्या देव्हाऱ्यासमोर सांगतोय."

धोंडीबाईनं बुवांचा चेहरा बघितला आणि पदर डोक्यावर सारखा केला.

आदेश आत डोकावायला निघाला. बुवांनी त्याला दंडाला धरून शेजारी बसवलं. "दुपारी बघ. आता इथं बस माझ्याजवळ." त्यांनी चिपळ्या घेतल्या, बोटांत अडकवल्या. पण ताल काही लागेना. रंगूही ओटीच्या कडेला बसली. पायाचं वाळलेलं शेण ती नखानं खरवडू लागली.

दुपार कलताना ती वाडीला निघाली. नाल्यापलीकडं पायवाट सागातून वर जात होती. चिखल वाळत आला होता. अर्ध्या वाटेवर सुनिल समोरून आला.

"वयनी! सकुबाई सांगत व्हती ते खरं का गो? पडवीत बसून रडतेय ती, दादा इकडंच निघालाय फडकं बांधून."

"त्यांना म्हणावं, जेवण मांडा. येते मी."

"आणि ट्रकाचं काय सांगू?"

"आमी येत नाय. रविना शाळंत राहील."

सुनिलनं तिच्याकडं बघितलं. तिचा आवाज नेहमीचाच होता. तो तिच्याबरोबर परत चालू लागला. थोडं पुढं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, वयनी वाटेवरून चालतच नाहीये. वाटेच्या कडेनं, काटेरी झुडपं आणि दगड धरून चाललीय. पायाला ओरखडे पडले होते.

"वाट चांगली वाळलीय की. कडेनं का चालतंस?"

रंगूनं वर डोंगराकडं बघितलं. ढग उतरला होता, सुळके दिसत नव्हते.

"तूपण कडेनं चाल, भावजी," ती हळूच म्हणाली. "मधली वाट मोकळी ठेव. तो पुढं गेलाय."